रात्रीच्या चौकाचा फोटो दर वेळी जळतो, पिवळा येतो, हलतो: ब्रसेल्सच्या ग्रँड प्लेसवर तीनदा जाऊन सापडलेले उपाय

आधी लक्षणं सांगते, बघा तुमच्या फोटोंशी जुळतात का. इमारतींचा खालचा भाग पांढराफटक, नक्षीकाम पार गायब, वर आकाश काळंकुट्ट, सगळ्यावर हळदीचं पाणी ओतल्यासारखा पिवळा रंग, आकाशात मध्येच दोनचार हिरवे ठिपके, मनोरा मागे कलंडलेला आणि समोर उभे असलेले आईबाबा म्हणजे दोन काळ्या सावल्या. प्रत्यक्षात तिथे उभं राहून डोळ्यांना जे दिसत होतं त्यातलं काहीच फोटोत नाही. परत आल्यावर नातेवाईकांना दाखवताना आपण म्हणतो की फोटोत नीट आलं नाहीये पण खरं फार सुंदर होतं हो.

माझं हे ब्रसेल्सच्या ग्रँड प्लेसवर झालं (तिकडचे लोक ग्रां प्लास म्हणतात) आणि एकदा नाही, दोनदा झालं. पहिल्यांदा दिवाळीच्या सुट्टीत आईबाबांना घेऊन ग्रुप टूरने गेले होते, दुसऱ्यांदा डिसेंबरमध्ये बहिणीकडे, ती ल्यूव्हेनला राहते, तिथून ट्रेनने अर्धा तास सुद्धा लागत नाही. तिसऱ्यांदा जूनमध्ये गेले तेव्हा कुठे मनासारखे फोटो मिळाले. महाराष्ट्रातून युरोप टूरला जाणारे बहुतेक सगळे या चौकात जातातच, माझ्या ओळखीतल्या चारपाच जणांनी तिथले फोटो पाठवलेत आणि सगळ्यांत तीच लक्षणं आहेत, महागडा कॅमेरावाल्याच्या फोटोत पण आणि फोनवाल्याच्या पण. म्हणून म्हटलं एकदा सगळं सविस्तर लिहावं. चौक कुठलाही असो, रात्री दिवे लावलेला असेल तर यातलं बरंचसं लागू पडेल.

सगळ्यात मोठी चूक कॅमेऱ्याची नसतेच, वेळेची असते. आम्ही टूरबरोबर गेलो तेव्हा सातला जेवण, मग बस, मग चौकात साडेआठ, आणि अर्ध्या तासात परत बसपाशी या. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ब्रसेल्समध्ये सूर्य सव्वापाचच्या सुमारास मावळतो, म्हणजे आम्ही पोचलो तेव्हा मावळून तीन तास झालेले. आकाश शाईसारखं काळं. दिवे लावलेली इमारत आणि काळं आकाश यांच्या उजेडात इतका फरक असतो की कॅमेऱ्याला दोन्ही एका फोटोत पकडताच येत नाही, तो काळं बघून म्हणतो अरे फार अंधार आहे, उजेड वाढवतो आणि इमारत जाळून टाकतो. आता याच चौकात सूर्य मावळल्यावर पाऊण तासाच्या आत उभं राहिलात तर आकाश गडद निळं असतं, दिवे लागलेले असतात आणि दोघांचा उजेड जवळजवळ बरोबरीला आलेला असतो. ती दहापंधरा मिनिटं. बाकी सगळे उपाय नंतर, आधी ही दहापंधरा मिनिटं गाठायची.

आता ही वेळ कधी येते ते जागेवर आणि महिन्यावर अवलंबून आहे आणि इथे आपला भारतातला अंदाज चुकतो. मुंबईत सूर्य बुडाला की वीसबावीस मिनिटांत अंधार पडतो, निळं आकाश हवं तर धावपळ करावी लागते. ब्रसेल्स ५०-५१ अक्षांशावर आहे, तिथे सूर्य तिरका तिरका खाली जातो आणि जूनमध्ये संधिप्रकाश पाऊण तास रेंगाळतो. २१ जूनच्या आसपास सूर्यास्तच रात्री दहाला होतो! म्हणजे फोटोची वेळ साधारण सव्वादहा ते पावणेअकरा. जूनमधल्या टूर तर दिवसाउजेडीच चौक दाखवून हॉटेलवर नेतात, त्यांना दिवे दिसतच नाहीत. उलट डिसेंबरमध्ये सूर्य साडेचारपावणेपाचला जातो आणि सव्वापाचला खेळ खलास, त्या वेळी आपण चॉकलेटच्या दुकानात किंवा वॅफल खात असतो. तर निघायच्या आधी त्या शहराचा त्या तारखेचा सूर्यास्त फोनवर बघून ठेवा आणि त्याच्या वीस मिनिटं आधी चौकात हजर राहा. टूरवाले असाल तर टूर मॅनेजरला पहिल्या दिवशीच विचारा की त्या संध्याकाळी जेवण आधी की चौक आधी, आमच्या वेळी हे कुणी विचारलंच नाही, नंतर कळलं की मोकळ्या वेळेत आम्हाला तिथे जाऊन यायची परवानगी होती.

समजा उशीर झालाच, आकाश काळं झालंच, तर मग आकाशाचा नाद सोडा. फ्रेममध्ये काळं आकाश कमीत कमी घ्या, घरांच्या ओळी, दगडी फरशी, लोक यांनी फ्रेम भरा. पाऊस पडून गेलेला असेल तर फारच उत्तम, त्या चौकातली दगडी फरशी ओली झाली की दिव्यांचं सगळं सोनं खाली उतरतं. पाऊस आला म्हणून सगळे छत्र्या घेऊन पळतात तेव्हा थांबायचं.

दुसरी गोष्ट जळण्याची. हा चौक का जळतो ते समजायला त्याचा इतिहास थोडा माहीत असलेला बरा. १६९५ च्या ऑगस्टमध्ये फ्रेंच सैन्याने तोफा डागून इथली बहुतेक घरं उद्ध्वस्त केली, टाऊन हॉलचा मनोरा तेवढा उभा राहिला. नंतर चारपाच वर्षांत तिथल्या व्यापाऱ्यांच्या आणि कारागिरांच्या संघांनी आपापली घरं परत बांधली आणि आधीपेक्षा जास्त नटवली, म्हणजे दगडावर कोरीव काम, पुतळे, वर सोनेरी मुलामा. मुलामा दिलेल्या भागावर खालून दिवा पडला की तो आरशासारखा चमकतो, शेजारचा दगड त्यापेक्षा कितीतरी मंद. कॅमेऱ्याने दगड नीट दाखवायचा ठरवला की सोनं पांढरं होतं, आणि पांढरं झालेलं नंतर कुठल्याही ॲपने परत येत नाही. अंधारातलं थोडंफार परत आणता येतं, जळलेलं नाही. त्यामुळे एकच धोरण: सोन्याला सांभाळा, बाकी थोडं काळं राहिलं तर राहू द्या.

फोनवर हे अगदी सोपं आहे आणि तरी फार कमी लोक करतात. घराच्या सगळ्यात उजळ सोनेरी भागावर बोट दाबून धरा, फोकस लॉक झाला असं दिसेल, मग बाजूला छोटा सूर्य येतो तो बोटाने खाली ओढा, इतका ओढा की नक्षीच्या रेघा स्क्रीनवर दिसायला लागतील. स्क्रीनवर फोटो जरा अंधारा वाटेल, वाटू दे. माझ्याकडे त्या चौकातल्या नावाड्यांच्या संघाच्या घराचे तीन फोटो आहेत, त्या घराचा वरचा भाग जुन्या जहाजाच्या पाठीमागच्या बाजूसारखा बांधलाय, खिडक्या, कठडा, सगळं. पहिल्या फोटोत तिथे नुसता पिवळा डाग आहे. दुसऱ्यात काहीतरी गोल गोल आहे एवढं कळतं. तिसऱ्यात, सूर्य खाली ओढून काढलेल्यात, जहाज दिसतं. फोन तोच.

कॅमेरा असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो किती उजळ किंवा काळा यावा ते कमीजास्त करायची सेटिंग) उणे एक ते उणे दीड ठेवून सुरुवात करा आणि जळलेला भाग लुकलुकून दाखवणारी सेटिंग चालू करा, जवळजवळ सगळ्या कॅमेऱ्यांत असते. दिव्यांचे बल्ब स्वतः जळतीलच, ते चालतं, भिंत जळता कामा नये. रॉ मध्ये (कॅमेऱ्याची कच्ची, न आवळलेली फाइल) काढा, नंतर सावल्या उचलायला आणि रंग सुधारायला वाव राहतो. आकडे हवे असतील तर असा दिवे लावलेला चौक ट्रायपॉडवर साधारण आयएसओ १०० (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते), एफ ८ (लेन्सचं भोक किती उघडं ते, आकडा लहान तितकं भोक मोठं) आणि दोन ते चार सेकंद इथे कुठेतरी बसतो, तिथून एक पायरी वरखाली करून बघा.

हलण्याचं. चार सेकंद हातात धरून होत नाही, मग ट्रायपॉड नाही तर काय. एफ २.८ ची लेन्स आणि आयएसओ १६०० केलंत तर तोच उजेड सेकंदाच्या तिसाव्या भागात मिळतो आणि तेवढं हातात जमतं, कोपर बरगड्यांना टेकवून, श्वास अर्धा सोडून, आणि एक नाही तर सलग पाचसहा फोटो काढायचे, त्यातला तिसराचौथा सहसा सगळ्यात स्वच्छ येतो कारण पहिल्याला बटण दाबल्याचा धक्का असतो. कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या किट लेन्सला २.८ नसतं, मग आयएसओ ३२०० ला जा, थोडे दाणे येतील. दाणे आलेला फोटो चालतो, हललेला चालत नाही. ज्यांना दाण्यांची फार भीती वाटते ते आयएसओ ४०० वर अडून बसतात आणि सगळे फोटो हलवून आणतात, माझ्या मेव्हण्याने असाच पूर्ण संच घालवला.

ट्रायपॉड मी आता नेत नाही. गर्दीच्या चौकात तो लोकांच्या पायात येतो, सणासुदीला सुरक्षारक्षक दुमडायला सांगतात, आणि सामानाच्या वजनात तो पहिला नकोसा होतो. त्याऐवजी एका जाड लोकरीच्या मोज्यात दुसरे दोन मोजे कोंबून गाठ मारलेला गोळा असतो पर्समध्ये. कॅफेचं टेबल, दगडी पायरी, खांबाचा कठडा, कशावरही तो ठेवायचा, त्यात कॅमेरा किंवा फोन दाबून बसवायचा, दोन सेकंदांचा टायमर लावायचा आणि हात काढून घ्यायचा. फोन असा पूर्ण स्थिर ठेवला की आयफोनचा नाइट मोड आपोआप जास्त सेकंदांचा पर्याय देतो, अगदी तीस सेकंदांपर्यंत, हातात धरल्यावर तो सहसा तीनच्या आसपास देतो. एवढ्या उजेडाच्या चौकात तीस लागत नाहीत, पण पाच मिळाले तरी फोटोचा पोत बदलतो. आणि हो, कॅमेरा कशावर तरी टेकवला असेल तर लेन्सवरचं स्टॅबिलायझेशन (हाताचं हलणं सावरणारी सोय) बंद करा, जुन्या लेन्समध्ये ते नसलेलं हलणं शोधत बसतं आणि स्वतःच फोटो हलवतं. दोन मिनिटांचं काम आहे पण विसरलं जातं, परत हातात घेतल्यावर चालू करायलाही विसरलं जातं.

काही जण विचारतात फोटो काढल्यावर कॅमेरा तेवढाच वेळ अडकून का बसतो. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन चालू असतं, चार सेकंदांचा फोटो काढला की तो अजून चार सेकंद अंधाराचा फोटो काढून दाणे वजा करतो. बिघाड नाहीये. निळ्या आकाशाची दहा मिनिटं असताना मात्र बंद करा, निम्मा वेळ त्यात जातो.

फोकसचंही तसंच झटपट सांगते, अंधाऱ्या भागावर फोकस करायला गेलात तर लेन्स पुढेमागे फिरत राहते, उजळ खिडकीच्या कडेवर करा, लागला की मॅन्युअलवर टाका आणि मग हात लावू नका.

पिवळ्या रंगाचा प्रश्न जरा वेगळा आहे. इथे दोन टोकं आहेत, ऑटो व्हाइट बॅलन्स (रंगांचा पिवळानिळा तोल कॅमेऱ्याने स्वतः ठरवणं) कधी सगळं हळदीत बुडवतो तर कधी उलट इतकं सुधारायला जातो की सोनेरी चौक सरकारी दवाखान्याच्या भिंतीसारखा पांढरानिळा होतो. मी तो तोल ३४०० ते ३८०० केल्विनच्या (त्या तोलाचं माप) मध्ये हाताने ठेवते, दगड दगडासारखा दिसतो, सोनं सोन्यासारखं आणि आकाशाचा निळा जास्त गडद होतो. फोनमध्ये केल्विन नसेल तर नंतर एडिट करताना उष्णता थोडीच कमी करा, थोडीच. चौकाचा सोनेरीपणा हाच त्याचा जीव आहे, तो पूर्ण काढून टाकलात तर तिथे गेल्याचा पुरावा राहील, आठवण नाही राहणार. जुने सोडियमचे केशरी दिवे असलेल्या जागी मात्र हात टेकावे लागतात कारण त्या उजेडात बाकीचे रंग जवळपास नसतातच, जे नाही ते कुठून आणणार, तिथे सरळ ब्लॅक अँड व्हाइट करा, छान दिसतं.

डिसेंबरची गोष्ट. हिवाळ्यात नाताळच्या दिवसांत त्या चौकात मोठं झाड उभारतात आणि इमारतींवर रंगीत दिव्यांचा, संगीताचा खेळ होतो. टाऊन हॉल जांभळा, मग निळा, मग लाल. बघायला अप्रतिम आणि फोटो काढायला सगळ्यात अवघड. माझे त्या रात्रीचे फोटो उजेडाने जळले नव्हते, तरी भिंतीवर नुसता सपाट जांभळा रंग फासल्यासारखा होता, पुतळे नाहीत, कमानी नाहीत. बरेच दिवस कारण कळत नव्हतं. कारण असं की गडद रंगाच्या एलईडीत एकच रंग भरभरून असतो, निळा म्हणा, तो एकटा रंग कॅमेऱ्यात काठोकाठ भरून सांडतो आणि एकूण उजेडाचा आलेख मात्र सांगत राहतो की सगळं ठीक आहे. तर तीन रंगांचे वेगळे हिस्टोग्राम (म्हणजे उजेडाचे हेच आलेख) दाखवणारी सेटिंग असते ती लावा आणि कुठलाही एक रंग उजव्या भिंतीला धडकला तर एक्स्पोजर अजून कमी करा, उणे दोनपर्यंत सुद्धा. फोनवाल्यांनी खेळातला पांढरा किंवा फिकट रंग येईपर्यंत थांबायचं, रंग बदलताना मधल्या क्षणाला दोन रंग मिसळलेले असतात तो क्षण सगळ्यात चांगला येतो.

हे आपल्याकडे पण आहे. मुंबईचं सीएसएमटी बघा, १८८८ ला पुरं झालेलं, २००४ पासून जागतिक वारसा, २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला तिरंगी दिवे लावतात तेव्हा समोर महापालिकेच्या बाजूला उभं राहून शेकडो लोक फोटो काढत असतात आणि केशरी भागातलं कोरीवकाम जवळजवळ कुणाच्याच फोटोत नसतं. तोच उपाय. तिथे फक्त एक जास्तीचं सुख आहे, समोरून बस आणि टॅक्सी जात असतात, आठ सेकंदांचा फोटो काढलात तर लाल दिव्यांच्या रेघा फुकट मिळतात.

व्हिडिओत पट्टे सरकताना दिसतात किंवा फोटोत आडवे काळपट पट्टे येतात ते विजेमुळे. बेल्जियममध्ये आपल्यासारखीच ५० हर्ट्झची वीज आहे, दिवे सेकंदाला शंभर वेळा मंदप्रखर होतात, आपल्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. शटर सेकंदाचा पन्नासावा किंवा शंभरावा भाग ठेवा, किंवा त्याहून संथ. व्हिडिओ सेकंदाला २५ किंवा ५० फ्रेमवर घ्या, बहुतेक फोन ३० वर असतात. अमेरिकेत ६० हर्ट्झ, तिथे ३० आणि ६० बरोबर. फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये शोधा, बऱ्याच फोनमध्ये अँटी फ्लिकर किंवा पीएएल (PAL) असा पर्याय सापडतो.

आता त्या हिरव्या ठिपक्यांविषयी, कारण लोक याला कॅमेरा खराब झाला असं समजतात. फोनच्या लेन्समध्ये प्रखर दिव्याचा उजेड आतल्या आत उड्या मारतो आणि दिव्याचं उलटं प्रतिबिंब फोटोत उमटतं. ते कुठे उमटतं याला नियम आहे, फोटोच्या मध्यबिंदूच्या बरोबर पलीकडे. दिवा खाली डावीकडे असेल तर ठिपका वर उजवीकडे. हे एकदा कळलं की खेळ सोपा होतो, फोन थोडा फिरवायचा, असा की ठिपका काळ्या आकाशावर न पडता एखाद्या उजळ भिंतीवर पडेल, तिथे तो दिसत नाही. कॅमेऱ्यावर यूव्ही फिल्टर लावलेला असेल तर रात्री काढून ठेवा, तो काचेचा अजून एक थर हेच करतो.

आणि लेन्स पुसा. खरंच सांगते, सगळ्या रात्रीच्या फोटोंवर एक दुधी झाक येते तिचं कारण दहातल्या निम्म्या वेळा बोटाचा तेलकट डाग असतो, वॅफल खाल्लेल्या हाताने फोन काढला की लागतोच. दिव्यांच्या भोवती लांब तिरक्या रेघा दिसत असतील तर ते बोट फिरवल्याने उमटलेल्या तेलकट रेघांमुळे, कॉटनच्या ओढणीच्या टोकाने पुसा, जातात. डिसेंबरमध्ये अजून एक झालं. बाहेर तीनचार डिग्री थंडी, अर्धा तास चौकात कॅमेरा गळ्यात, मग आम्ही चॉकलेटच्या गरम दुकानात शिरलो आणि तिथून काचेतून बाहेरचा फोटो काढला, सगळं धुक्यात. थंडगार लेन्सवर गरम दमट हवेची वाफ बसली होती. कपड्याने पुसलं की परत बसत होती. दुकानात शिरायच्या आधी कॅमेरा बॅगेत घालून चेन लावायची आणि आत गेल्यावर पंधरावीस मिनिटं चेन उघडायची नाही, एवढाच उपाय. आपल्याकडे मुंबईच्या उकाड्यात एसी गाडीतून उतरल्यावर हेच होतं. बॅटरी थंडीत भराभर उतरते, दुसरी आतल्या खिशात अंगाशी ठेवा.

मनोरा. टाऊन हॉलचा मनोरा ९६ मीटर उंच आहे, टोकावर सेंट मायकेलचा पुतळा, आणि चौक साधारण ११० मीटर लांब पण रुंदीला फक्त ६८ मीटर. म्हणजे समोर अगदी पाठ भिंतीला टेकवून उभे राहिलात तरी मनोरा तुमच्यापासून त्याच्या उंचीपेक्षा जवळ आहे. कॅमेरा सरळ धरून, उभा धरून, २४ मिलिमीटरच्या लेन्सने निम्म्यापेक्षा थोडा जास्त मनोरा मावतो. फोनचा ०.५ (सगळ्यात रुंद दिसणारी लेन्स) उभा धरला तरी टोकाचा पुतळा निसटतो, मी पाचसहा वेळा करून बघितलं, मग घरी येऊन कागदावर हिशोब मांडला तेव्हा कळलं की मावणारच नव्हता. म्हणून आपण फोन वर उचलतो आणि उचलला की मनोरा मागे पडतोय असा दिसतो. उपाय असा की समोर उभंच राहायचं नाही. तिरक्या कोपऱ्यात जा, सगळ्यात लांबच्या, तिथून अंतर शंभर मीटरच्या घरात जातं आणि ०.५ मध्ये कॅमेरा सरळ ठेवून पुतळ्यासकट सगळं मावतं, खाली फरशी जास्त येते ती नंतर कापा, किंवा ओली असेल तर ठेवा. कोपरा गर्दीने अडलेला असेल तर वर उचलूनच काढा पण चारी बाजूंनी भरपूर जागा सोडा, एडिटमध्ये उभ्या रेघा सरळ करताना कडा कापल्या जातात.

इथेच एक गंमत, लोक टाऊन हॉल मधोमध आणायला धडपडतात आणि तो येतच नाही, मग आपलंच चुकतंय असं वाटून परत परत काढतात. चुकत नाहीये. मनोरा मुळातच इमारतीच्या मधोमध नाही. डावी बाजू आधी बांधली, १४०२ पासून, उजवी नंतर आणि लांबीला कमी. मनोरा मध्ये ठेवा किंवा इमारत मध्ये ठेवा, दोन्ही जमणार नाही. मी मनोरा डाव्या तिसऱ्या भागात ठेवते.

गर्दी हटणार नाही, रात्री अकरालाही नाही. चार सेकंदांत चालणारे लोक धूसर होतात आणि उभे राहणारे अर्धवट भुतासारखे दिसतात. कॅमेरा न हलवता पंधरावीस सेकंदांच्या अंतराने दहाबारा फोटो काढून कॉम्प्युटरवर मीडियन पद्धतीने (प्रत्येक ठिपक्याला सगळ्या फोटोंतला मधला उजेड घेऊन) एकत्र केले तर लोक नाहीसे होतात, पण मला आता रिकामा चौक आवडेनासा झालाय. जमिनीवर बसून गप्पा मारणारी कॉलेजची पोरं असतात तिथे, ती बराच वेळ हलत नाहीत, त्यांना पुढे घेऊन मागे घरांची ओळ घ्या. दर दोन वर्षांनी ऑगस्टमध्ये फुलांचा गालिचा घालतात, बेगोनियाची फुलं, ७५ मीटर बाय २४ मीटर, तेव्हा तर मधला भाग आपोआप मोकळा असतो.

राहिला आपल्या माणसांचा फोटो. फ्लॅशने इमारत उजळत नाही, फोनचा फ्लॅश दोनतीन मीटरच्या पुढे पोचत नाही, त्याने फक्त चेहरे पिठासारखे होतात. बंद करा. या चौकाची खासियत अशी की चारही बाजू उजळलेल्या आहेत, म्हणजे तुमच्या पाठीमागे पण एक सबंध उजळ भिंत आहे आणि ती फुकटचा मोठा दिवा आहे. जूनमध्ये मी आईला टाऊन हॉलकडे पाठ करून उभं केलं पण मधोमध नाही, पुढे आणत आणत समोरच्या घरांपासून सातआठ पावलांवर, जिथे तिच्या चेहऱ्यावर त्या घरांचा उजेड स्पष्ट दिसायला लागला तिथे. तिला म्हटलं आई, मी एक म्हणाले की श्वास धर. साडेदहा वाजून गेले होते, आकाश अजून निळं होतं. एफ २.८, आयएसओ १६००, सेकंदाचा तिसावा भाग, सहा फोटो. चौथ्यात तिच्या साडीचा काठ, कानातल्या कुड्या आणि मागे थेट सेंट मायकेलपर्यंत मनोरा, सगळं आहे. तोच आता घरी दिवाणखान्यात लावलाय.